भिंतीकडची बाजू

गादीवाल्याने चादरीचा कोपरा उचलला, गादीच्या कडेत चार बोटं खुपसली आणि नाक जवळ नेऊन वास घेतला.

"काका, खोली बघायला आणलंय तुम्हाला," दारात उभा असलेला मॅनेजर म्हणाला. "शोधताय काय?"

"ओल," गादीवाला म्हणाला. "सापडली."

त्याने चादर होती तशी नीट खोचली आणि जिना उतरून तो खाली आला. व्हॅनमध्ये त्याची बायको मांडीवर पर्स घेऊन सरळ बसली होती. खाली उतरायच्या तयारीत असलेल्या माणसासारखी ती सकाळपासून तशीच बसली होती.

"हेही नाही?"

"वर कापूस, आत चिंध्या. आणि चिंध्याही ओल्या. सकाळी तुझी पाठ शेकत बसावं लागेल."

"आणि मघाचं काय वाईट होतं? दिवे किती छान लावले होते."

"दिव्यांचेच पैसे घेतात ते. गादी फोमची. फोमवर माणूस झोपत नाही, नुसता तरंगतो."

"अहो, एक रात्र काढायची आहे," ती म्हणाली. "संसार थाटायचा नाही तिथं."

तो हसला आणि त्याने व्हॅन चालू केली. तिचं म्हणणं बरोबर होतं, पण पस्तीस वर्षांची खोड अशी जात नाही. लोक लॉज निवडताना पाटी बघतात, नळ बघतात, दर विचारतात. हा आधी गादी बघायचा. डोळे मिटल्यावर बाकीचं काही दिसत नाही, गादी मात्र रात्रभर लागते, असं त्याचं म्हणणं. दरही तो बघायचा, कारण खिसा बेताचाच होता. गादी चांगली आणि दर परवडणारा, अशा दोन अटी एकत्र घातल्या की जगातले बहुतेक लॉज गळून पडतात, आणि मग नवराबायको हमरस्त्यावर उन्हं कलताना असे दारोदार हिंडत बसतात.

पुढे जाणं शक्य नव्हतं. अंधार पडला की त्याला समोरच्या गाडीच्या दिव्यांपलीकडे काही दिसत नसे. उरलेला अर्धा रस्ता उद्या कापायचा, दुपारपर्यंत धाकट्या लेकीच्या घरी पोचायचं, असं ठरलं होतं. धाकटी बाळंत व्हायची होती. व्हॅनच्या मागच्या भागात, धुतलेल्या चादरीत गुंडाळून, बाळासाठी केलेली हातभर गादी ठेवली होती. कापूस त्याने दोनदा पिंजून घेतला होता. काठ मात्र मशीनवर मारला होता. पूर्वी दुकानातल्या प्रत्येक गादीचा काठ बायको हाताने घालायची, गिऱ्हाईक त्या काठासाठी थांबायचं. थोरली गेली त्या दिवसापासून तिने सुई हातात धरली नव्हती. चार वर्षं झाली होती.

आणि चार वर्षं तिला झोप नव्हती. दोन तास डोळा लागायचा, मग उठून स्वयंपाकघरात खुर्चीवर बसायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, शेजारणींचे काढे झाले. गादीवाल्याच्याच बायकोला झोप येत नाही, म्हणजे दिव्याखाली अंधार, असं गल्लीत लोक म्हणायचे, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

तिसरा लॉज पेट्रोल पंपाच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत होता. लांबट बैठी इमारत, ओळीने आठ दारं, प्रत्येक दारासमोर एक प्लास्टिकची खुर्ची. मालकीणबाई साठीच्या असतील. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि चेहऱ्यावर कुणावरही लगेच विश्वास न ठेवण्याची सवय. त्यांनी दोन दर सांगितले. सात नंबर सोडून कुठलीही खोली एका दराने, सात नंबर त्याच्या जवळपास अर्ध्यात.

"सातमध्ये ढेकूण आहेत?" गादीवाल्याने विचारलं.

"ढेकूण असते तर मी सांगितलं असतं का?" मालकीणबाई म्हणाल्या. "ढेकूण नाहीत, गळत नाही, आवाज नाही. तिथं झोप जरा जास्त लागते, एवढंच."

"म्हणजे?"

"म्हणजे पहाटे पाचची बस पकडायची म्हणून माणूस झोपतो तो दहाला उठतो. मग माझ्याशी भांडतो. एक औषधकंपनीचा माणूस तर कामावरून गेला बिचारा. दारावर थापा मारून मारून माझे हात दुखतात. म्हणून दर कमी केलाय. ज्याला घाई आहे त्याला मी ती खोली देतच नाही. तुम्हाला घाई आहे?"

गादीवाल्याने बायकोकडे बघितलं. झोप जास्त लागते, हे शब्द ऐकून ती किंचित हसली होती. कुणी चेष्टा केल्यावर हसावं तशी.

"दाखवा," तो म्हणाला.

खोली साधी होती. चुन्याच्या भिंती, एक खुर्ची, खुंटी, मागच्या मोकळ्या रानाकडे उघडणारी खिडकी. रुंद पलंग भिंतीला लावून ठेवलेला. मालकीणबाई टॉवेल आणायला गेल्या. गादीवाल्याने कोट काढून खुंटीला टांगला, बाह्या वर केल्या, डोळे मिटले आणि दोन्ही तळहात गादीवर टेकले. हे तो नेहमी डोळे मिटूनच करायचा.

तळहात आत गेले आणि थांबले. पुन्हा दाबले. गादी हाताला उत्तर देत होती. कुठे गाठ नाही, कुठे पोकळ नाही, टाके एकसारख्या अंतरावर, आणि भिंतीच्या बाजूला, लांबीला धरून, मुद्दाम राखलेला एक खोलगट भाग.

"ए, इकडे ये," तो बायकोला म्हणाला. डोळे अजून मिटलेलेच होते. "हात लावून बघ. असं काम आता कुणी करत नाही. नाव मोठं, लक्षण खोटं असे शंभर कारागीर बघितलेत मी, पण हा जाणकार आहे. कापूस बघ कसा बसवलाय. झोपणाऱ्याचं दुखणं विचारून गादी केलीय बहुतेक. बरगडीला कुठे टोचू नये, म्हणून इथे..."

बोलता बोलता त्याचा हात कोपऱ्याकडे गेला. वरच्या खोळीच्या आत बोटं घालून त्याने गाठ चाचपली. प्रत्येक कारागिराची शेवटची गाठ वेगळी असते, आणि समोरच्याची गाठ बघितल्याशिवाय कुठलाही कारागीर राहत नाही. दोऱ्याला तीन वेढे होते आणि टोक आत वळवून दाबलेलं होतं.

त्याने डोळे उघडले. खोळ थोडी मागे सारली. आत निळ्या पट्ट्यांचं जाड कापड होतं, कोपऱ्याला विटलेलं.

तीन वेढे घालून टोक आत वळवणारा माणूस त्याच्या माहितीत एकच होता, आणि तो या क्षणी पलंगापाशी गुडघ्यांवर बसला होता.

"काय हो?" बायको मागून म्हणाली.

"काही नाही," तो म्हणाला आणि त्याने खोळ खाली ओढली.

ती गादी त्याने थोरलीसाठी केली होती. दुखणं हाडांत शिरलं होतं आणि तिला फक्त डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडता यायचं. त्याने तीन दिवस दुकान बंद ठेवलं. तिच्या खांद्याला, कमरेला, गुडघ्याला कुठे किती जोर पडतो ते चार चार वेळा विचारलं, कापूस भरला, काढला, पुन्हा भरला. रुंदी जास्त ठेवली, कारण आईला शेजारी पडायचं होतं. आठ महिने आई बाहेरच्या बाजूला आणि लेक भिंतीकडे. आयुष्यात त्याच्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, आणि ते झालं तेव्हा त्याला आनंद झाला होता, याचं त्याला पुढे फार वाईट वाटायचं.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "ती गादी जाळून टाका. तिच्या जागेवर दुसरं कुणी झोपायला नको."

त्याने गादी व्हॅनमध्ये घातली, गावाबाहेर नेली, काडी पेटवली आणि विझवली. तीन काड्या झाल्या. हात पुढे जाईना. तेवढ्यात जुनं सामान गोळा करून लांबच्या लॉजांना पुरवणारा एक ट्रकवाला रस्त्याने चालला होता. याने त्याला थांबवलं आणि गादी फुकट दिली. एकच अट घातली, लांब घेऊन जा. आमच्या गावात नको, शेजारच्या गावात नको. ट्रकवाल्याने शब्द पाळला होता म्हणायचं. आणि इतक्या लांबच्या रस्त्यावर, इतक्या लॉजांतून, स्वतःच्या तळहातांनी पारख करून याने ती पुन्हा शोधून काढली होती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो असा.

"ही खोली नको," तो उठत म्हणाला.

"का?"

"खिडकी रस्त्यावर आहे. रात्रभर ट्रक."

"खिडकी मागे आहे. रान दिसतंय."

"मग डास असतील."

"जाळी आहे." बायकोने त्याच्याकडे निरखून बघितलं. "आत्ता तर इतकं कौतुक चाललं होतं."

"कौतुक कामाचं. पण... मालकीणबाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना? उशीर होतो. धाकटी वाट बघेल."

"बघू दे थोडी. मला काही दहापर्यंत झोप लागत नाही," ती म्हणाली. "आणि लागली तर लागू दे की."

ती पुढे आली, पलंगाच्या कडेवर बसली आणि आधारासाठी तिने दोन्ही हात मागे टेकले. हात तसेच टेकून बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. दमली असेल, असं त्याला वाटलं. त्याचं स्वतःचं काळीज इतकं धडधडत होतं की तिच्या गप्प बसण्याकडे लक्ष द्यायला त्याला सवडच नव्हती.

मालकीणबाई टॉवेल घेऊन आल्या.

"बसलात ना? म्हणजे ठरलं," त्या म्हणाल्या. "एक सांगून ठेवते, घाबरायचं काही कारण नाही. या पलंगावर दोन माणसं आरामात मावतात. पण माणूस एकटा आला, की सकाळी बघावं तर भिंतीकडच्या अर्ध्यात. बाहेरची अर्धी बाजू तशीच असते, चादरीला सुरकुती नाही. धिप्पाड ट्रकवाले येतात, तेही तसेच, अंग चोरून. कुणासाठी तरी जागा ठेवल्यासारखे. मी विचारलं एकदोघांना. म्हणाले, काय की, तसंच झोपावंसं वाटलं."

गादीवाल्याचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला. उतार आहे गादीला, तो मनात म्हणाला. मीच ठेवलाय. माणूस घरंगळणारच. त्यात काही नाही.

"किती वर्षं आहे ही गादी तुमच्याकडे?" बायकोने विचारलं. सहज विचारावं तसं.

"चार होतील."

"चांगली ठेवलीत."

"ऊन देते ना दर महिन्याला. का कोण जाणे, बाकीच्यांना देत नाही एवढं."

बायकोने मान हलवली आणि टॉवेल मांडीवर ठेवले. सात नंबर ठरली.

त्यांनी बरोबर आणलेला डबा खाल्ला. त्याला घास उतरेना. तिने मात्र नीट जेवून डबा धुऊन उपडा घातला, केस सोडले आणि ती पलंगावर बाहेरच्या बाजूला आडवी झाली. त्याने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. घरी ती कधी डाव्या कुशीवर झोपत नसे. आता डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, एक हात समोरच्या रिकाम्या जागेवर पसरून ती पडली होती.

तो बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसला. आभाळात अजून थोडा उजेड होता. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकचा दिवा आठही दारांवरून ओळीने फिरून जात होता. आता जाऊन सांगावं, असं त्याला दहा वेळा वाटलं. काय सांगायचं, की तू सांगितलेलं एकच काम मी केलं नाही? की तुझ्या लेकीच्या जागेवर चार वर्षं ट्रकवाले झोपतायत, आणि आता तूही? चार वर्षं ती त्या राखेवर विश्वास ठेवून जगत होती. तेवढा एक आधार तिच्यापाशी होता, आणि तो काढून घ्यायची त्याची छाती नव्हती.

"आत या," खोलीतून आवाज आला.

"तू झोप. मला गरम होतंय."

"पंखा आहे. आत या. जागा आहे."

तो आत गेला. जागा होती ती एकच, भिंतीकडची. बायकोच्या पायांकडून वळसा घालून तो पलंगावर चढला आणि भिंतीला पाठ टेकून बसून राहिला. शेवटी तो आडवा झाला, आणि आडवा झाल्याबरोबर गादीने त्याला आत घेतलं.

ही गादी त्याने केली होती, उचलली होती, वाहून नेली होती. तिच्यावर तो कधी झोपला नव्हता. खांद्याला जिथे हवा तिथे आधार होता, कमरेला जिथे हवा तिथे पोकळी. तो थोरलीपेक्षा वीतभर उंच, अंगाने दुप्पट, तरी त्याचं शरीर आपसूक डाव्या कुशीवर वळलं आणि तोंड भिंतीकडे झालं. चुन्याची भिंत नाकापासून हातभर अंतरावर होती. आठ महिने पोरीला एवढंच दिसत होतं, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.

मग मागून बायकोचा हात आला. त्याच्या दंडावर टेकला आणि थोपटू लागला. तीन थापा, जरा थांबून पुन्हा तीन. चार वर्षांपूर्वी दाराआडून तो ही लय ऐकायचा. ती झोपेत होती की जागी, ते समजायला मार्ग नव्हता, आणि वळून बघायची त्याला भीती वाटली. आपण हललो, खाकरलो, मोठ्याने श्वास घेतला, तर त्या हाताला कळेल की इथं भलताच कुणीतरी आहे. म्हणून तो श्वाससुद्धा बारीक घेत राहिला. जागंच राहायचं, असं त्याने ठरवलं. पहाटे तिला उठवायचं आणि तिने गादीकडे नीट बघायच्या आत निघायचं.

जाग आली तेव्हा ऊन पायांवर आलं होतं. त्याने घड्याळ बघितलं. साडेनऊ वाजून गेले होते.

बाहेरची बाजू रिकामी होती, चादरीला एक सुरकुती नव्हती. एक क्षण त्याला वाटलं की इथं रात्री दुसरं कुणी नव्हतंच. मग त्याला पायाकडचा कोपरा दिसला. चादर दुमडून बाजूला केली होती. खोळीची बटणं उघडी होती. निळ्या पट्ट्यांच्या कापडावर, जुन्या दोऱ्याच्या जागी नवा पांढरा दोरा होता. गाठ नवी होती. वेढे दोनच, आणि टोक बाहेर ठेवलेलं.

टोक बाहेर ठेवायच्या खोडीबद्दल तीस वर्षं तो बायकोला बोलत आला होता.

खुंटीवरच्या कोटाच्या कॉलरला तो नेहमी दोन लांब सुया टोचून ठेवायचा. आता एकच होती.

बायको दाराबाहेर खुर्चीवर बसली होती. हातात चहाचा पेला होता. दुसरा पेला बशीने झाकून खाली ठेवला होता.

"गाठ ढिली झाली होती," ती म्हणाली. "अजून वर्षभरात सुटली असती."

तो उंबऱ्यावर बसला. "कधी कळलं?"

"बसले तेव्हाच. आठ महिने झोपलेय मी तिच्यावर. डोळे फुटले असते तरी कळलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुम्ही बोलाल. डास बोललात, खिडकी बोललात."

त्याने चहाचा पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला. "माझ्याच्यानं झालं नाही," तो म्हणाला. "तीन काड्या ओढल्या. नाही झालं. तू सांगितलं होतंस म्हणून तुला सांगायची हिंमत झाली नाही. तूच म्हणाली होतीस, दुसरं कुणी झोपायला नको..."

"मीच म्हणाले होते," ती म्हणाली. "तुमची व्हॅन वळणापलीकडे गेली आणि मला वाटलं, हे काय बोलून बसले मी? मागे धावणार होते. पायात चप्पलही घातली. मग म्हटलं, यांच्या हातून होणार नाही. मला माहीत आहे हा माणूस. आणतील परत, ठेवतील दुकानात कुठंतरी लपवून. मी अंधार पडेपर्यंत दारात उभी होते, आठवतं?"

त्याला आठवत होतं.

"विचारणार होते. जाळली नसेल तर आत आणा, असं म्हणणार होते. तुम्ही जवळ आलात आणि तुमच्या अंगाला धुराचा वास आला. कोटाला, केसांना, सगळीकडे. मग काय विचारायचं?"

त्या दिवशी ट्रक गेल्यावर त्याने गोणपाट गोळा केलं होतं, थोडा टाकाऊ कापूस होता तो त्यात घातला होता, आणि पेटवून त्या धुरात उभा राहिला होता. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, बाह्या पसरून. वास कापडात मुरायला हवा म्हणून. कुठलंही काम करायचं तर सफाईने करायचं, ही त्याची सवय. घरी आल्यावर बायकोने काही विचारलं नाही, तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. आज आपल्या कसबाची त्याला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

"गोणपाट होतं ते," तो म्हणाला.

"कोट तीनदा धुतला मी," ती म्हणाली. "चार वर्षं मला वाटत होतं, माझ्या तोंडच्या शब्दानं तिचं अंथरूण जाळलं. डोळा मिटला की तोच वास."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याने पेला खाली ठेवला.

"मी मालकीणबाईंना विचारतो. मागतील ते देऊ. व्हॅनमध्ये मावेल."

"नको."

"अगं, पण..."

"नको. घरी नेऊन तिथं कोण झोपणार? माळ्यावर गुंडाळून ठेवायची?" तिने उरलेला चहा संपवला. "एकटीला झोप लागत नसे तिला. इथं रोज कुणीतरी येतं."

मालकीणबाई ओळीतल्या दारांसमोरून झाडत झाडत जवळ आल्या. त्यांनी आधी गादीवाल्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"मी म्हटलं नव्हतं? घाई नाही म्हणालात म्हणून दिली हो." मग बायकोकडे वळून त्या म्हणाल्या, "पण ताई, तुम्ही कशा उठलात पहाटेच? सहाला मी पाणी भरत होते, तेव्हा तुम्ही इथं बसला होता. सात नंबरला असं कधी झालं नाही."

"मी बाहेरच्या बाजूला होते," बायको म्हणाली. "बाहेरच्या बाजूला असलेल्याला उठावं लागतं."

मालकीणबाईंना ते कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. किल्ली परत घेताना त्या म्हणाल्या की परतीच्या वाटेवर या, सातच देईन.

"दर महिन्याला ऊन दाखवताय, ते चालू ठेवा," बायको म्हणाली.

व्हॅन रस्त्याला लागली. धाकटीला दुपार म्हणून सांगितलं होतं, आता संध्याकाळ होणार होती. मग बायकोने मागे हात करून चादरीत गुंडाळलेली बाळाची गादी मांडीवर ओढून घेतली, चादर उलगडली आणि काठावरून अंगठा फिरवला.

"हा काठ कुणी घातला?"

"मशीननं."

"ते दिसतंय."

तिने पदराला टोचलेली लांब सुई काढली. सुईच्या टोकाने मशीनचा टाका उचलला, ओढला, पुढचा उचलला. कटकट असा बारीक आवाज होत राहिला. व्हॅनमधल्या त्याच्या पेटीतून काढलेलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ तिच्या शेजारी सीटवर होतं. त्याने तिकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघितलं.

"तुम्ही म्हणाला होतात," ती खाली बघतच म्हणाली, "राख होईपर्यंत तिथं बसलो होतो म्हणून. अंधार पडेपर्यंत."

"हो."

"ते तरी खरं?"

गोणपाट अर्ध्या तासात जळून गेलं होतं. त्यानंतर तो तिथंच दगडावर बसून राहिला होता, समोर काही नव्हतं तरी.

"ते खरं."

"एकटेच?"

"एकटाच."

तिने सुईत दोरा ओवला. पहिल्या खेपेला तो हुकला, दुसऱ्या खेपेला गेला.

"मला हाक मारायची होतीत," ती म्हणाली आणि तिने पहिला टाका घातला.

पुढे रस्ता खराब होता. त्याने व्हॅनचा वेग कमी केला आणि तिचा हात हलू नये म्हणून खड्डे चुकवत तो हळूहळू चालवत राहिला.